पारितोषिकाचा मानकरी कोण?

जव्हारहून निघालेला रस्ता मोखाडा मागे टाकीत घाट चढतो आणि त्र्यंबकेश्वराला पोहोचतो. त्याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. मुंबईत ख्रिस्तजीवनावरील एक मूकपट पाहत असता, आपल्याकडील कथाही अशाच पडद्यावर याव्यात, असा ध्यास त्यांनी घेतला. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. पुढे १९१७ साली आलेल्या ‘लंकादहन’ला एवढी गर्दी लोटली की, जमलेली नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागत, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. परंतु बोलपट आले, लोकांची आवड पालटली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळके यांचे निधन झाले, तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी केंद्र सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. चित्रपटसृष्टीत आज तो सर्वोच्च मानला जातो.

एकाच माणसाच्या वाट्याला गर्दी आली, ती ओसरली आणि मरणोत्तर सन्मानही आला. या साऱ्या काळात त्याचे चित्रपट मात्र होते तेच होते. मग त्यांचे मोल ठरविण्याचा अधिकार कोणाचा? तिकीट काढून आलेल्या लोकांचा, की कलेची जाण असलेल्या मोजक्या परीक्षकांचा? चित्रपटांची पारितोषिके जाहीर झाली की दरवर्षी हा वाद उठतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एकाहत्तरावे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. त्यांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान ‘जवान’साठी शाहरुख खान आणि ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत मॅसी यांच्यात विभागून देण्यात आला. लागलीच प्रश्न विचारला गेला : हा गौरव अभिनयाचा की लोकप्रियतेचा? वाद करमणुकीचा वाटला, तरी त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. बहुसंख्येच्या पसंतीने एखादी गोष्ट चांगली ठरते काय? हा प्रश्न आपल्या घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांतही रोज उभा राहतो. म्हणून येथे त्याचा विचार करू.

लोकप्रियतेची बाजू

लोकप्रियतेला नाके मुरडणे सोपे असते. ते न्याय्य मात्र नसते. चित्रपट ही एकांतात बसून उपभोगावयाची कला नाही. तो शेकडो हातांच्या श्रमांतून घडतो आणि शेकडो माणसे एकत्र बसून तो पाहतात. दिवसभर राबलेल्या माणसाला दोन घटका हसवणे, त्याच्या डोळ्यांत पाणी आणणे, हे काही हलके काम नव्हे. दादा कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनी लागोपाठ रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. सुशिक्षितांनी त्या चित्रपटांची कितीही हेटाळणी केली, तरी गिरणीतला कामगार आणि खेड्यातला शेतकरी त्यांत आपली बोली ऐकत होता, आपले हसू हसत होता. त्या हसण्याला काहीच किंमत नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

शिवाय लोकांची निवड नेहमी उथळ असते, असा पुरावाही नाही. १९५४ साली ‘फिल्मफेअर’ नियतकालिकाने पारितोषिके सुरू केली, तेव्हा त्यांना नाव होते ‘क्लेअर्स’. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपटसमीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ ते दिलेले होते. निवड वाचकांच्या मतांवर होती आणि वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते पाठविली. त्यांनी सर्वोत्कृष्ट म्हणून निवडला तो बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’. जमीन वाचविण्यासाठी शहरात जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या परीक्षकांनी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक दिले, ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. मार्ग वेगळे, परंतु दोन्ही मार्गांनी माणसे चांगल्या ठिकाणीच पोहोचली. त्याआधी १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याने मान मिळविला. तेव्हा लोकप्रियता आणि गुणवत्ता यांचे जन्मजात वैर आहे, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे.

प्रश्न उद्भवतो तो दोघी दोन दिशांना गेल्या म्हणजे. आणि त्या वेळी आपण ‘लोकप्रियता’ म्हणून नेमके काय मोजतो, हे तपासून पाहावे लागते.

पोहोच आणि पसंती

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे नव्वद टक्के लोक आदिवासी : वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी. भातकापणी उरकली आणि दिवाळी सरली की, अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. शहरातील बहुपडदा चित्रपटगृहाच्या तिकिटाची किंमत आणि या माणसांची दिवसाची मजुरी शेजारी शेजारी मांडून पाहावी. मग एखाद्या चित्रपटाने इतके कोटी मिळविले, असे आपण वाचतो, तेव्हा त्या कोटींत या लोकांचे मत किती, हे ध्यानी येईल. त्यांना चित्रपट नावडला असे नव्हे. त्यांना कोणी विचारलेच नाही.

याच मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण उभे आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. उन्हाळ्यात मात्र तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. मुंबईत पाणी अधिक वापरले जाते म्हणून मुंबईकरांना तहान अधिक लागते, असा निष्कर्ष कोणी काढील काय? पाणी तेथे जाते, कारण नळ तेथवर घातलेले आहेत. चित्रपटाचेही तसेच आहे. ज्याच्यामागे जाहिरातीचा पैसा आहे, ज्याला हजारो पडदे मिळतात, तो अधिक लोकांनी पाहिलेला असतो. मग त्या संख्येलाच आपण पसंती समजतो. वास्तविक ती पोहोच असते. पसंती ठरावयाची, तर निवड करण्यास समोर दोन वस्तू असाव्या लागतात. येथे पुष्कळदा एकच वस्तू समोर ठेवलेली असते.

आता दूरचित्रवाणीने आणि भ्रमणध्वनीने मत देणे सोपे केले आहे. ‘झी टॉकीज’चा ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ हा सोहळा उघडपणे प्रेक्षकांच्या मतांवर चालतो आणि त्याच्या नावातच तसे म्हटलेले आहे. त्यात आम्हांला गैर काही दिसत नाही. आवडते कोण, हे विचारले आणि आवडते कोण, हे सांगितले. गैर होते ते ‘आवडते’ याचा अर्थ ‘उत्तम’ असा लावण्यात.

लोकप्रियतेला तिचे बक्षीस आधीच मिळालेले असते, हेही विसरून चालणार नाही. तिकीटबारीवरची रांग हेच ते बक्षीस. ज्याच्या ताटात पुरेसे वाढलेले आहे, त्याला पुन्हा वाढावयाचे आणि उपाशी बसलेल्याकडे पाहावयाचेही नाही, याला पंगतीचा न्याय म्हणत नाहीत.

जे कोणी पाहिले नसते

गोविंद निहलानी यांचा १९८० सालचा ‘आक्रोश’ विजय तेंडुलकरांनी लिहिला. लहान्या भिकू हा आदिवासी त्याचा नायक. पत्नीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे आणि जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर तो तोंडातून अक्षर काढीत नाही. ओम पुरी यांनी ती भूमिका केवळ डोळ्यांनी केली. बोलून उपयोग नाही, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले, त्याचे ते मौन होते. त्याच काळातील लोकप्रिय चित्रपटांत आदिवासी कसे दिसत? डोक्याला पिसे खोचून, शेकोटीभोवती अर्थहीन शब्दांवर नाचणारे. नुसत्या मतांची मोजणी केली असती, तर जिंकली असती ती पिसे. परंतु १९८१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात परीक्षकांनी ‘आक्रोश’ला सुवर्ण मयूर दिला. त्या निर्णयाने लहान्याला न्याय मिळाला असे नव्हे. परंतु त्याच्या मौनाकडे पाहण्यास देशाला भाग पाडले गेले.

आमच्या मते पारितोषिकाचे खरे काम हे आहे. पारितोषिक ही मोजदाद नव्हे, ती साक्ष आहे. ‘हे आम्ही पाहिले, हे खरे आहे, तुम्हीही पाहा,’ असे परीक्षक समाजाला सांगत असतो. पुष्कळांनी आधीच पाहिलेल्या गोष्टीसाठी साक्षीदाराची गरज नसते. २०१४ सालच्या चित्रपटांतून चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. एका वृद्ध लोकशाहिरावरील खटल्याचा तो चित्रपट. परीक्षक नसते, तर त्याचे नाव तरी किती घरांत पोहोचले असते?

साक्ष कधी कधी गर्दीच्या पुढेही धावते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’साठी रिंकू राजगुरू हिची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली, ती मार्च २०१६ मध्ये, आणि चित्रपट लोकांसमोर आला २९ एप्रिलला. त्यानंतर त्याने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे तोवरचे सारे आकडे मागे टाकले. रिंकूचा गुण परीक्षकांनी पाहिला, तेव्हा टाळी वाजविण्यास कोणी जमले नव्हते.

कॅथॉलिक वाचकांना या संदर्भात आणखी एक दाखला आठवेल. चित्रपटाला शंभर वर्षे झाली म्हणून १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन विभागांत प्रत्येकी पंधरा. त्यात उत्पन्नाचा हिशेब नव्हता. मूल्यांच्या विभागात रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ होता, जो जगभर गाजला. त्याच विभागात फ्रँक काप्रा यांचा १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ही होता, जो प्रथम लागला तेव्हा तिकीटबारीवर चालला नव्हता आणि पुढे दूरचित्रवाणीमुळे घराघरांत प्रिय झाला. लोकप्रियतेचा त्या यादीला विटाळ नव्हता. केवळ ती कसोटी नव्हती.

तज्ज्ञांचेही पाय मातीचे

एवढ्यावरून परीक्षकांच्या हाती सारे सोपवून आपण निश्चिंत व्हावे काय? तसे नाही. परीक्षक हीही माणसेच. त्यांचे कंपू असतात, त्यांची एक भाषा, एक शहर, एक वर्ग असतो. जे कळत नाही ते थोर आणि जे सर्वांना कळते ते सामान्य, असा एक विचित्र अहंकार जाणकारांत शिरतो. बंद दाराआड झालेल्या निर्णयाची कारणे पुष्कळदा बाहेर येत नाहीत. सत्तेची मर्जी, ओळखीपाळखी यांचा संशय मग वाढतच जातो. लोकप्रियतेत निदान लबाडी उघडी पडते. विद्वत्तेच्या आडची लबाडी सहसा सापडत नाही.

शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनाची हकीकत आपण दरवर्षी ऐकतो. तेथे दोन न्यायनिवाडे होतात. एक रात्रीच्या वेळी, शास्त्र जाणणाऱ्यांच्या सभेत. दुसरा उजाडल्यावर, पिलाताच्या अंगणात, जमावाच्या ओरड्याने. जाणकारही चुकले आणि जमावही चुकला. तो जमावही स्वतःच्या बुद्धीने ओरडत नव्हता. त्याला चिथावले होते, असे मार्क नमूद करतो. संख्या खोटी ठरू शकते आणि विद्याही खोटी ठरू शकते, हे याहून स्पष्टपणे कोठे सांगितले असेल? आणि त्या दिवशी ज्याला सत्य दिसले, तो कोण? क्रुसासमोर उभा राहून शेवटच्या श्वासापर्यंत पाहत राहिलेला एक परका शताधिपती. त्याच्यापाशी शास्त्राचे ज्ञान नव्हते, पाठीशी जमावही नव्हता. त्याने शेवटपर्यंत पाहिले. कोणत्याही परीक्षकाची पहिली पात्रता हीच असावी, असे आम्हांस वाटते.

बोहाड्याचा प्रेक्षक

‘गुणवत्ता म्हणजे मूठभर शिकलेल्यांची मिरास,’ या आक्षेपाचे उत्तर आम्हांला जव्हार-मोखाड्यातच सापडते. होळीनंतर मोखाड्यात बोहाडा भरतो. देवादिकांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवून, संबळ-पिपाणीच्या तालावर, रात्ररात्र सोंगे नाचतात. सोंगाचा मान पुष्कळदा घराण्याकडे चालत आलेला असतो. पाहणारे असतात गावोगावचे आणि पाड्यापाड्यांवरचे लोक, बहुतेक कष्टकरी. परंतु हा प्रेक्षक अडाणी समजू नये. कोणत्या सोंगाने कशी पावले टाकावीत, संबळाने कोठे चढावे आणि कोठे थांबावे, हे तो लहानपणापासून पाहत आला आहे. पाऊल चुकले की त्याला कळते. तेथे लोक आणि जाणकार असे दोन तट नाहीत. लोकच जाणकार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट प्रेमाने आणि बारकाईने पाहिल्याने ती जाण येते.

जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांचे उदाहरण घ्या. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून घडणारा तारपा त्यांनी आयुष्यभर घडविला आणि वाजविला. संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला आणि २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी गाठली होती. राज्यभरातून मते मागविली असती, तर त्यांच्या नावाला किती मते पडली असती? बहुतेकांनी तारप्याचा स्वर कधी ऐकलेलाच नाही. परंतु त्या स्वरावर ज्यांचे पाय गोल धरून नाचले, त्यांना हे मोल पद्मश्रीच्या कितीतरी आधी ठाऊक होते. दिल्लीने वाळवंड्याचा निवाडा मान्य केला, एवढेच.

तेव्हा भांडण लोक आणि गुणवत्ता यांत नाहीच. ते आहे नुसती मोजदाद आणि जाणती नजर यांत. जाणती नजर विद्यापीठात मिळते, तशी पाड्यावरही मिळते. आणि दोन्ही ठिकाणी ती गमावताही येते.

मग करावे काय?

लोकप्रियतेचा आणि गुणवत्तेचा मान वेगळा ठेवण्याचे प्रयोग झालेले आहेत. १९२९ साली अमेरिकेत ऑस्करचा पहिला समारंभ झाला, तेव्हा ‘विंग्ज’ला वर्षातील उल्लेखनीय चित्रपट म्हणून आणि ‘सनराइज’ला अनन्य कलात्मक चित्रपट म्हणून, अशी दोन स्वतंत्र पारितोषिके दिली गेली. दुसरे पारितोषिक लगेच बंद पडले. पुढे २०१८ साली त्याच संस्थेने लोकप्रिय चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार जाहीर केला आणि महिन्याभरातच टीकेमुळे तो बाजूला ठेवला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र सत्तरच्या दशकापासून निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटासाठी स्वतंत्र पारितोषिक आहे. १९९४ चे ‘हम आपके हैं कौन’ आणि १९९५ चे ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ यांना ते मिळाले. ही व्यवस्था आम्हांला प्रामाणिक वाटते. लोकप्रियतेला तिच्या नावाने मान द्यावा; गुणवत्तेच्या नावाने देऊ नये.

गुणवत्तेचे पारितोषिक परीक्षकांनीच द्यावे, हे आमचे मत. परंतु तीन अटींवर. पहिली अट : प्रत्येक परीक्षकाने चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला असावा आणि निवडीची कारणे साध्या भाषेत लिहून लोकांसमोर ठेवावीत. जो कारण सांगतो, त्याच्याशी वाद घालता येतो. आणि वाद घालता घालता समाजाची नजर तयार होते. दुसरी अट : परीक्षकांत ज्यांचे आयुष्य पडद्यावर आले आहे, त्यांच्यापैकीही कोणी असावे. आदिवासींवरील चित्रपटाची पारख करताना जव्हारच्या एखाद्या वारली शिक्षिकेचे मत उपचार म्हणून नव्हे, तर जाणकाराचे म्हणून घेतले जावे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची : पारितोषिक दिल्यावर तो चित्रपट मोखाड्याला पोहोचला पाहिजे. आश्रमशाळेच्या पटांगणात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, एका पडद्यावर का होईना. साक्ष द्यावयाची आणि ती ऐकण्यास कोणी बोलवावयाचेच नाही, हा साक्षीचाही अपमान आहे.

ही तिसरी अट आपल्यालाही लागू पडते. धर्मग्रामांत नाट्यस्पर्धा होतात, गायनाच्या स्पर्धा होतात, हल्ली तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर लघुपट करून आणतात. ज्याचे नातेवाईक अधिक, त्याला टाळ्या अधिक, हे आपण जाणतो. अशा वेळी कमी टाळ्या मिळालेल्या, परंतु मनापासून आणि नेटके काम केलेल्या मुलीच्या हाती चषक देण्याचे बळ परीक्षकांत असावे लागते. आणि त्यामागचे कारण मंचावरून सांगण्याचेही. ऐकणाऱ्या पालकांना ते प्रथम रुचणार नाही. परंतु घरी जाताना, आपल्या मुलाच्या कामात काय उणे राहिले, याची चर्चा झाली, तर ती स्पर्धा सार्थकी लागली, असे समजावे. आपली मुले आज प्रत्येक गोष्टीखाली किती अंगठे उमटले, हे पाहून तिची किंमत ठरवू लागली आहेत. त्यांना उपदेश करून हे सुटणार नाही. त्यांच्याशेजारी बसून एखादा चांगला चित्रपट अखेरपर्यंत पाहावा आणि तो चांगला का वाटला, हे त्यांना विचारावे. बोहाड्याच्या प्रेक्षकाची नजर अशीच, थोरांच्या शेजारी बसून पाहता पाहता, तयार झालेली आहे.